दुसरा हात सुकेपर्यंत

डोळ्यावरची पट्टी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी बाथरूमकडे जाताना, लेकीच्या घराच्या पॅसेजमध्ये त्याला भिंतीत एक चौकोन दिसला. दिसला आणि गेला. खिडकीतून ऊन आडवं येत होतं, भिंतीला घासत पुढे जात होतं, आणि त्या उन्हात क्षणभर चार कडा फुगून वर आल्या. तो थांबला. एक पाऊल मागे आला. पुन्हा चौकोन. एक पाऊल पुढे, तर सपाट भिंत, फिकट पिवळा रंग, कुणाला काही दिसू नये अशी. नव्या भिंगाची सवय व्हायला वेळ लागेल, रंग भडक वाटतील, दिव्यांभोवती कडी दिसतील, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भिंतीतून चौकोन उगवतील असं काही ते म्हणाले नव्हते. त्यानं हात वर केला आणि बोटांची टोकं भिंतीवरून हलकेच नेली, आंधळ्यासारखी, डोळे मिटून, कारण डोळ्यांवर त्याचा अजून विश्वास बसत नव्हता आणि बोटांवर होता. बोटं एका जागी किंचित वर चढली, पुढे जाऊन पुन्हा खाली उतरली. खाली टेप होती.

जन्मभर त्यानं हेच काम केलं होतं. जिप्सम बोर्डाच्या भिंती उभ्या करणारे वेगळे, रंग देणारे वेगळे, आणि मधला माणूस तो. दोन बोर्ड जिथं भेटतात तिथं सांधा राहतो. त्या सांध्यावर पुट्टी ओढायची, ओल्या पुट्टीत कागदाची टेप बसवायची, पत्र्याच्या पट्टीनं ती दाबत न्यायची, सुकू द्यायची. मग पुट्टीचा दुसरा हात, पहिल्यापेक्षा रुंद. मग तिसरा, त्याहून रुंद आणि इतका पातळ की पट्टीवर माल आहे की नाही अशी शंका यावी. टेप नसली तर सांधा कधी ना कधी तडकतो, आणि टेप दिसली तर सगळी मेहनत पाण्यात. बायको होती तेव्हा आल्यागेल्याला सांगायची, "आमचे हे दिवसभर राबतात, आणि कशासाठी, तर आपण राबलो ते कुणाला कळू नये म्हणून." लोक हसायचे, तोही हसायचा. गुत्तेदार त्याला टेपमास्तर म्हणत आणि त्या नावाचा त्याला, खोटं कशाला बोला, अभिमान होता. मोठमोठ्या कचेऱ्यांमध्ये माणसं त्याच्या भिंतींना टेकून वर्षानुवर्षं चहा पीत होती आणि त्यांच्या पाठीमागे सांधा आहे हे त्यांच्या स्वप्नातही येत नव्हतं. हे एवढंच त्यानं जगात केलेलं काम, पण ते त्यानं नीट केलं होतं.

चौकोनाच्या कोपऱ्यावर त्याची बोटं थांबली. बाकीचे लोक कोपऱ्यावर एक टेप दुसरीवर चढवतात, त्यामुळे तिथं गाठ येते. तो तसं करत नसे. तो टेप कधी कापायचाच नाही, पट्टीच्या धारेवर धरून तिरकी फाडायचा, आणि दोन फाटलेल्या कडा अशा आणून भिडवायचा की कागद कागदात विरून जावा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यानंही ते एकाच माणसाला शिकवलं होतं. कॉलेजच्या सुट्टीत घरी बसून कंटाळते म्हणून लेक, चिंगी, त्याच्याबरोबर कामावर यायला लागली होती, केसांना फडकं बांधून, शिडीवर उभी राहून दिवसभर बडबड करत. पहिल्या आठवड्यात तिनं इतकी टेप वाया घालवली की गुत्तेदारानं विचारलं, मास्तर, पोरगी टेप खाते काय? या कोपऱ्यावर गाठ नव्हती. कड जाड राहिली होती, पुट्टी खाली जरा कमी पडली होती, मध्ये एक बारीक बुडबुडा आला होता, पण गाठ नव्हती. ही टेप चिंगीनं लावली होती. आणि त्याला पहिलं जे वाटलं ते कौतुक. बेटी विसरली नाही, असं वाटलं. त्या कौतुकानं त्याला चांगलं ऊबदार वाटलं, बाथरूममध्ये तोंड धुतानाही (एक डोळा सांभाळून, पाणी न उडवता) तो स्वतःशी हसत होता. पुढे पुष्कळ दिवस त्याला या हसण्याची आठवण येणार होती आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा येणार होता.

नाश्त्याला बसल्यावर त्यानं विचारलं, "पॅसेजमध्ये काय झालं होतं गं?"

"कुठं?" चिंगी म्हणाली. मग म्हणाली, "अच्छा, ते होय. कपाट हलवताना कोपरा लागला."

"आणि पुट्टी तू मारलीस?"

"मग कोण येणार एवढ्याशा कामाला?"

"कड जाड राहिलीय."

"झालं. डोळा उघडला नाही तोच खोड्या काढायला सुरुवात," असं म्हणून ती हसली आणि त्याच्या बशीत आणखी एक पाव ठेवला.

जावई समोर बसून खात होता. गोरा, नीटनेटका माणूस, शर्टाच्या बाह्या नेहमी दोनदा दुमडलेल्या. सासऱ्याला रिक्षानं यावं लागू नये म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी घेऊन दवाखान्यात येऊन बसला होता. "तुमच्या लेकीचा हात चांगला आहे, बाबा," तो म्हणाला. "आमच्याकडे मिस्त्री बोलवावाच लागत नाही." चिंगी चहा गाळायला उठून आत गेली. गाळायला चहा उरला नव्हता, किटली टेबलावरच होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी ती बाजारात गेली की घरात तो एकटाच असे. वाचायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. मग माणसानं करायचं काय? तो भिंती बघू लागला. त्याच्याकडे पिशवीत एक छोटी बॅटरी कायम असे. सांधा तपासायचा तो समोरून उजेड टाकून नव्हे, समोरून सगळंच सपाट दिसतं. बॅटरी भिंतीला टेकवायची आणि उजेड भिंतीवरून लांब पळवायचा, म्हणजे जे काही वर आलेलं असेल ते आपली सावली टाकतं. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या मागे एक सापडला. स्वयंपाकघराच्या दाराशी एक. तो दाराच्या कडीच्या उंचीवर होता, आणि दार जोरात उघडलं की कडी भिंतीत घुसते हे त्यानं शेकडो घरांत पाहिलं होतं, म्हणून त्याला बरं वाटलं. पण त्याच्या जरा वर आणखी एक होता आणि तिथं कुठली कडी पोचत नव्हती. सोफ्यामागचा सगळ्यात जुना असावा. त्यात तिनं जाळीची टेप वापरली होती, दुकानात सहज मिळते ती, आणि ती पुट्टीतून सगळी उमटली होती. नंतर तिनं कुठून तरी कागदाची टेप मिळवली. स्वयंपाकघराच्या दाराशी कडा जाड होत्या. वरच्यात कमी. पॅसेजमधला त्याच सुमाराचा. कपाटाजवळ आणखी एक होता, तो त्याला बॅटरीनंही धड दिसला नाही, बोटानं ठोकत गेल्यावर आवाज बदलला तेव्हा कळला. इतका पातळ हात, इतका रुंद ओढलेला, की खुद्द त्याला तरुणपणी जमला नसता. त्या ठिकाणी तो बराच वेळ उभा राहिला. चिंगी आता त्याच्यापेक्षा चांगलं काम करत होती. एवढा हात कसा बसतो हे त्याला माहीत होतं. शिकवून तो बसत नाही, डोकं चालवूनही नाही. तो फक्त पुन्हा पुन्हा करून बसतो.

मग त्यानं एक मूर्खासारखी गोष्ट केली. पॅसेजमधल्या चौकोनाला पाठ लावून उभा राहिला. चौकोन त्याच्या मानेमागे आला. चिंगी त्याच्या हनुवटीला लागते. म्हणजे तिच्या कपाळाशी, किंवा कानाशी, तोंड कुठं केलं होतं त्यावर. तो तसाच उभा राहिला, भिंतीला टेकून, आणि समोर हवेत कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटायला लागलं, बाह्या दोनदा दुमडलेलं, आणि तो पटकन बाजूला झाला. बाजूला होऊन सोफ्यावर बसला आणि स्वतःला समजावू लागला. कपाट असेल. नळाचं काम काढलं असेल. वायर ओढायला भोक पाडलं असेल. माणसाला रिकामपण वाईट. नवं भिंग, नको ते दिसतं. पण वायरवाला खोक्यापुरतं नीट चौकोनी भोक पाडतो आणि ते कुणी बुजवत नाही, तिथं बटण बसतं. हे सगळं त्याला माहीत होतं, आणि माहीत असूनही तो समजावत राहिला. विचारायचं म्हटलं तर कसं विचारायचं? तिची आई असती तर दोन भांडी घासता घासता तिनं सगळं काढून घेतलं असतं. भांड्यांच्या आवाजात, पाठमोरं, बोलता येतं. त्याला बोलायची सवय नव्हती. त्याची सगळी उमर भिंतीकडे तोंड करून गेली होती. लग्न ठरलं तेव्हा जावयाशी तो काय बोलला होता, तर तुमच्या घराच्या भिंती जिप्समच्या आहेत, जड कपाट टांगू नका. एवढंच. मुलगा बरा वाटला होता. अजूनही बरा वाटत होता, हीच तर पंचाईत होती. रोज संध्याकाळी विचारायचा, बाबा, डोळा कसा आहे? आणि तो सांगायचा, छान आहे, सगळं स्वच्छ दिसतंय.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो बाहेर टीव्हीसमोर बसला होता, काळा चष्मा लावून, बातम्या ऐकत. आतल्या खोलीत दोघं होती. बोलण्याचा आवाज येत होता पण मोठा नाही, कुणी भांडतंय असं कुणाला वाटलं नसतं. जावई काहीतरी समजावून सांगत असावा तसा एकसुरी आवाज, आणि मध्ये मध्ये तिचा, एकेका शब्दाचा. मग धप्प असा आवाज झाला. बोर्ड फुटतो तेव्हा तो विटेसारखा वाजत नाही, आधी कागद फाटल्यासारखा आणि मग पोकळ. हा आवाज त्यानं आयुष्यात इतक्या वेळा ऐकला होता की झोपेत ओळखला असता. त्याचे हात सोफ्याच्या कडेवर आवळले गेले. ऊठ, असं तो स्वतःला म्हणाला. नुसता दारापर्यंत जा, खोकलास तरी पुरे. तो बसूनच राहिला. टीव्हीवर बाई हवामान सांगत होती. थोड्या वेळानं जावई बाहेर आला, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, आणि त्यानं रिमोट उचलला. "बाबा, आवाज वाढवू का? नीट ऐकू येतंय ना?" तो म्हणाला, "येतंय." जेवताना चिंगीनं नेहमीसारखं वाढलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो चोरून तिचे दंड बघत होता, मान बघत होता, केसांखालचा कान बघत होता, बॅटरी टेकवून भिंत बघावी तसा, आणि लेकीकडे असं बघावं लागतंय याची त्याला शरम वाटत होती.

सकाळी जावई कामावर गेला आणि स्वयंपाकघरातून घमेल्यात पुट्टी ढवळण्याचा आवाज आला. तो आत जाऊन उभा राहिला. ती ओट्याशी पाठमोरी होती. "धूळ होईल, बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." तो बाहेर गेला नाही. तिच्या मागोमाग आतल्या खोलीत गेला. पलंगाच्या वरच्या बाजूला भोक होतं, कडांना कागद लोंबत होता, आत अंधार. तिनं न बोलता पट्टीनं लोंबता कागद साफ केला, पेन्सिलीनं चौकोन आखला, छोट्या करवतीनं कापला, मागे लाकडाची चीप घातली, नवा तुकडा स्क्रूनं बसवला. एकही हालचाल वाया जात नव्हती. पलंगाखाली एका खोक्यात सगळं तयार होतं, तुकडे, स्क्रू, टेपचं भेंडोळं, घासायचा कागद, जशी एखादीची शिवणाची पेटी असावी.

"चिंगे," तो म्हणाला. "हे कधीपासून?"

ती वळली नाही. "भिंतीवर ना? झालं की आता बरंच."

"भिंतीवर म्हणजे?"

"ते भिंतीवर मारतात तो दिवस बरा असतो, बाबा," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

त्याला बसावंसं वाटलं म्हणून तो पलंगावर बसला. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, शिवी द्यायला हवी होती, रडायला तरी हवं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. दोन खोल्या आहेत, आपण दोघंच आहोत, मी तुला काही विचारणार नाही." ती बराच वेळ हातातल्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टीवरची पुट्टी कडेनं सुकायला लागली होती. तिनं ती घमेल्याच्या काठावर पुसली आणि म्हणाली, "येते." असं म्हणताना तिचा आवाज फुटला, आणि एवढ्या वर्षांत तिचा आवाज फुटलेला त्यानं ऐकला नव्हता, आई गेली तेव्हासुद्धा. मग ती भराभर हलली. स्वतःची बॅग काढली तर खालच्या मजल्यावरच्या बाई विचारतील, म्हणून त्याचीच बॅग पलंगावर उघडली, त्याचे चार कपडे तळाशी दाबले आणि वर आपले घातले. साड्या नाहीत, रोजचे कपडे, आईचा फोटो, कागदपत्रांची पिशवी. चेन ओढली. आणि दोघंही उभी राहिली, आणि दोघांचीही नजर भिंतीकडे गेली. नवा तुकडा बसला होता. भोवती चारी बाजूंनी सांधा उघडा होता.

"हे असं टाकून?" ती म्हणाली.

त्यानं बोटानं उघडा सांधा चाचपला.

"भोक दिसलं की त्यांना सगळं आठवतं, बाबा. भिंत नीट असली की काही झालंच नाही असं वाटतं, चार-दोन दिवस तरी शोधाशोध करणार नाहीत. टेप लावते आणि निघू. ते संध्याकाळशिवाय येत नाहीत."

त्याला पटलं. पटलं यातही पूर्ण खरं नव्हतं. जे पटलं ते नंतरचं, त्याआधीच त्याचा हात टेपकडे गेला होता. उघडा सांधा टाकून तो कधी कुठल्या घरातून निघाला नव्हता, आणि त्याची लेकही निघणार नव्हती. तिनं पुट्टी ओढली, त्यानं टेप पाण्यातून काढून दोन बोटांत निथळली आणि तिच्या हातात दिली, तिनं पट्टीच्या धारेवर तिरकी फाडली. वरची, खालची, डावी, उजवी. "खालून माल बाहेर येऊ दे," तो म्हणाला. "येतोय," ती म्हणाली. "एवढा दाबू नकोस, कोरडी पडेल." "बाबा, तुम्ही डोळा सांभाळा, टेप मी सांभाळते." पंखा पूर्ण जोरात लावून तो भिंतीकडे वळवला आणि दोघं पलंगाच्या कडेवर बॅगेच्या दोन बाजूंना बसली. ती बोलत होती. शिडीवर उभी राहून बडबडायची तशी, गुत्तेदाराची नक्कल करत, पोरगी टेप खाते काय, आणि तो हसला, आणि बऱ्याच वर्षांत इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं. निघायला काहीच अडचण नव्हती. पहिला हात सुकला होता. ती उठून म्हणाली, "चला." आणि त्यानंच, दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच बॅटरी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "कड दिसतेय गं. दुसरा हात मारल्याशिवाय नाही जायची." तिनंही वाकून पाहिलं. कड खरोखरच दिसत होती. तिनं बॅग पुन्हा पलंगावर ठेवली आणि घमेलं उचललं.

दुसरा हात ओला होता तेव्हा दारात किल्ली फिरली.

जावई आत आला. हाताला पांढरं पक्कं बँडेज होतं, गळ्यात झोळी. हात रात्रीत सुजला, दाराला आपटला म्हणून सांगितलं, साहेबांनीच दवाखान्यात पाठवलं, बारीक हाड मोडलंय म्हणे, असं तो दारातूनच सांगत आला. डाव्या हातात फळांची पिशवी होती, दवाखान्यातून येताना घेतलेली. खोलीत येऊन त्यानं पंखा पाहिला, भिंत पाहिली, आणि पुढे होऊन ओल्या पुट्टीपाशी तोंड नेलं. "वा," तो म्हणाला. "आज तर बापलेक दोघं. कळतसुद्धा नाही." मग त्याला पलंगावरची बॅग दिसली. "बाबा, निघालात की काय?"

 आत्ता, असं बापाच्या मनात आलं. आत्ताच म्हण, ही जातेय. तोंड उघडलं होतं. पण चिंगी भिंतीपाशी उभी आहे, त्याला वाटलं, तिच्या मागे भिंत आहे आणि तिच्या समोर जावई. एक हात मोडलाय, दुसरा धड आहे. आणि बापाचं तोंड तसंच उघडं असताना चिंगी म्हणाली, "हो. बाबा निघालेत. मी म्हटलं राहा, पण ऐकतील तर ना." ती बोलताना पट्टी पुसत होती. बापाकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित त्याला बोलता आलं असतं, किंवा आलं नसतं.

"असं कसं, डोळा अजून कच्चा आहे. थांबा, मी सोडतो स्टँडवर. एका हातानं चालवता येते गाडी, जवळच तर आहे," असं म्हणून जावयानं डाव्या हातानं बॅग उचलली आणि हसला. "येताना एवढी जड नव्हती! लेकीनं काय काय भरून दिलंय?"

जिन्यावरून उतरताना तो कठडा धरून एकेक पायरी उतरला. पुढे बॅग चालली होती, तिच्यात चिंगीचे रोजचे कपडे, तिच्या आईचा फोटो. दारात ती आली नव्हती. आतून पट्टीचा आवाज येत होता, ओल्या पुट्टीवरून ओढल्याचा, हलका, एकसारखा. दुसरा हात ती पुरा करत होती. तो गाडीत बसला. मागे डिकी उघडली, बॅग पडली, डिकी बंद झाली. जावई शेजारी येऊन बसला, बँडेज मांडीवर ठेवून, आणि त्यानं वाकून सासऱ्याचा पट्टा लावून दिला. बापाला त्याचा वास आला, दवाखान्याचा आणि साबणाचा. माणूस भला वाटत होता. आता या क्षणीही वाटत होता, आणि हे असंच वाटत राहणार, उद्याही, आणि वर घरातल्या भिंती दिवसेंदिवस सुंदर होत जाणार.

"निघायचं?" जावई म्हणाला. "काही राहिलं नाही ना, बाबा?"

"राहिलं," तो म्हणाला.

"काय राहिलं?"

"लेक राहिली."

जावई हसला, मग हसायचा थांबला. बापानं पट्टा काढला. खटका सापडायला जरा वेळ लागला. दार उघडून तो खाली उतरला आणि परत जिन्याकडे निघाला. "बाबा," मागून आवाज आला, तोच, मोठा न होणारा, समजावून सांगणारा, "बाबा, जरा थांबा, आपण बोलू." तो थांबला नाही. पहिल्या वळणावर पोचेपर्यंत छाती भरून आली होती, भीतीनं, आणि लाजेनं, आणि इतक्या रागानं की आपल्यात तो होता हेही त्याला ठाऊक नव्हतं. जिन्याच्या पोकळीत तोंड वर करून तो ओरडला. साऱ्या आयुष्यात तो कुठल्या इमारतीत ओरडला नव्हता. "चिंगे! भिंत राहू दे! खाली ये!" आवाज वरपर्यंत घुमत गेला. मागून पायऱ्यांवर पावलं येत होती. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, त्यात एक बाई उभी राहिली, मग तिच्या समोरचंही उघडलं. तो कठड्याला धरून वर बघत उभा राहिला, तिसरं, वरचं चिंगीचं दार उघडायची वाट बघत.